फी भरण्याआधी एक प्रश्न विचारा

बारावीचा निकाल लागला की आमच्या एसटी स्टँडवर कागद वाटणारी पोरं उभी राहतात. पिवळा नाहीतर गुलाबी कागद. वर ठळक अक्षरांत 'सोनोग्राफी टेक्निशियन'. खाली 'सहा महिन्यांत डिप्लोमा, 100 टक्के नोकरी'. त्याखाली मोबाईल नंबर.

मी सरकारी रुग्णालयात क्ष-किरण विभागात तीस वर्षं काढली. आता घरीच असतो. तरी लोक विचारायला येतात. मागच्या जूनमध्ये शेजारच्या गावचे एक गृहस्थ आले. तो कागद चार घड्या करून खिशात ठेवलेला. सोबत मुलगी. पोरगी हुशार, जीवशास्त्रात चांगले मार्क. बियाण्याला ठेवलेल्या पैशांतले पंधरा हजार बापानं आगाऊ भरून टाकले होते.

मी एकच विचारलं, "कोर्स झाल्यावर पोरगी काय करणार?"

"सोनोग्राफी करणार की!"

"आपल्याकडे ती डॉक्टरच करतात. टेक्निशियननं करायची नाही, असा कायदा आहे."

गृहस्थ गप्प झाले. मुलगी हळूच म्हणाली, "सरांनी तर असं काहीच सांगितलं नाही."

सरांनी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतो. तुमच्याही घरात असा कागद आला असेल, तर पैसे काढण्याआधी एवढं वाचा.

आधी मशीन समजून घ्या

सोनोग्राफी म्हणजे आवाजाचा खेळ. विहिरीत हाक मारली की आपलीच हाक परत येते ना, तसंच. आपल्या कानाला सेकंदाला फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या प्रोबमधून, म्हणजे अंगावर फिरवतात त्या दांड्यातून, सेकंदाला वीस लाखांपासून दीड कोटीपर्यंत कंपनं निघतात. ती शरीरात जातात, अवयवांवर आपटून परत येतात. मशीन त्यांचं चित्र करतं.

पोटाला गार जेल लावतात, कारण मध्ये हवा राहिली तर आवाज आत जात नाही. भरपूर पाणी प्यायला लावतात, कारण भरलेल्या मूत्राशयातून आवाज सरळ पुढे जातो आणि मागचं स्पष्ट दिसतं. यात एक्स-रेसारखे किरण नसतात.

आता मुद्द्याची गोष्ट. एक्स-रे हा फोटो असतो. एकानं काढला तरी दुसरा नंतर वाचू शकतो. सोनोग्राफी तशी नाही. प्रोब फिरवताना जे दिसलं ते दिसलं. हात जिथे गेला नाही तिथलं नंतर कुणालाच दिसत नाही. म्हणजे प्रोब धरणाऱ्याला हातही चालवावा लागतो आणि त्याच क्षणी डोकंही. ज्या देशांत टेक्निशियन हे काम करतात, तिथेही त्यांना सहा महिन्यांत तयार करत नाहीत. ते पुढे सांगतोच.

आपल्याकडे प्रोब डॉक्टरच्या हातात का?

त्याचं कारण आपणच आहोत. पोटात मुलगी आहे हे कळलं की तिला नको म्हणणारी घरं. या मशीनचा तसा वापर व्हायला लागला, म्हणून 1988 साली महाराष्ट्रानं गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. देशात असा पहिला कायदा आपलाच. मग 1994 मध्ये देशाचा कायदा झाला. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. त्यालाच सगळे पीसीपीएनडीटी म्हणतात.

कायदा असूनही काय झालं, ते जनगणनेत दिसलं. शून्य ते सहा वयातल्या हजार मुलांमागे महाराष्ट्रात 2001 मध्ये 913 मुली होत्या. 2011 मध्ये 894 उरल्या. बीड जिल्ह्यात तर 807. म्हणून या मशीनवर सरकारचा इतका डोळा असतो.

तुमच्या कामाच्या तीन गोष्टी या कायद्यात आहेत.

एक. सोनोग्राफीचं मशीन नोंदणी केलेल्या केंद्रातच ठेवता येतं. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावावं लागतं. इथे गर्भलिंगनिदान होत नाही, असा फलकही लावावा लागतो.

दोन. तपासणी करणारा माणूस डॉक्टरच हवा. तोही नुसता डॉक्टर नाही. रेडिओलॉजीसारखं पुढचं शिक्षण घेतलेला, नाहीतर नियमाप्रमाणे सोनोग्राफीचं प्रशिक्षण घेतलेला. एमबीबीएस डॉक्टरांच्या या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी 2014 मध्ये वेगळे नियम झाले. कागदावरचे सहा महिने आणि हे सहा महिने एक नव्हेत. हे डॉक्टर झाल्यानंतरचे आहेत.

तीन. पात्रता नसलेल्या माणसाला या कामावर ठेवणं केंद्रालाही चालत नाही. पगारावर नाही, फुकटही नाही.

कुणी तुम्हाला तंत्रज्ञांसाठीचा 2021 चा नवा कायदा दाखवेल. त्यात तंत्रज्ञांच्या यादीत सोनोग्राफरचंही नाव आहे, हे खरं. पण यादीत नाव आलं म्हणून पीसीपीएनडीटीचं बंधन सुटत नाही. दोन्ही कायदे आपापल्या जागी आहेत.

खरा धोका नोकरी मिळाल्यावर

कोर्सचा कागद निरुपयोगी ठरला तर पैसे बुडतात. पैसे पुन्हा कमावता येतात. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे अशा पोराला नोकरी मिळते.

एखादा डॉक्टर दोन-तीन ठिकाणी फिरत असतो. तो म्हणतो, "तू प्रोब लाव, फोटो काढून ठेव, मी संध्याकाळी येऊन सही करतो." पोराला वाटतं, आपल्याला शिकायला मिळतंय. घरच्यांना वाटतं, पोरगा डॉक्टरच्या बरोबरीचं काम करतोय. गावात कौतुक होतं.

एक दिवस तपासणीचं पथक येतं. त्या वेळी खुर्चीवर कोण असतं? तुमचं पोर.

या कायद्याखालचा गुन्हा अजामीनपात्र आहे. मिटवामिटवी चालत नाही. केंद्रात नोकरीला असलेला आणि तांत्रिक काम करणारा माणूसही शिक्षेतून सुटत नाही. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. पुन्हा सापडला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. 'मी तर सांगितलं तेवढंच केलं' हे तिथे ऐकून घेत नाहीत.

आणि पथक आलंच नाही, तरी? तुमच्या पोराच्या नजरेतून एखादी गाठ सुटली, बाळाच्या पाठीच्या कण्यातलं व्यंग सुटलं, तर त्या घराचं काय? त्या बाईला तर वाटत असतं, तपासणी झाली, सगळं ठीक आहे.

म्हणून घरात बसवून सांगा. "सही माझी, हात तुझा" असं म्हणणाऱ्या मालकाकडे एक दिवसही काम करायचं नाही.

मग पोरांनी शिकायचं काय?

मशीनची आवड आहे, दवाखान्यात काम करायचं आहे, हे चांगलंच आहे. चार वाटा आहेत. आपल्या पोराची कोणती, ते तुम्ही ठरवा.

पहिली वाट, एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआयची. ही मशीनं आपल्याकडे तंत्रज्ञच चालवतात. हे त्यांचं हक्काचं काम आहे. बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह झालं की रेडिओग्राफी किंवा मेडिकल इमेजिंगची पदवी करता येते. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी ही पदवी आहे. इतर मान्यताप्राप्त विद्यापीठांची बीएस्सी आहे. तीन-चार वर्षं लागतात. त्यात रुग्णालयातलं प्रत्यक्ष कामही येतं. या शिक्षणात सोनोग्राफीची माहितीही मिळते.

हे काम सोपं नाही, तेही सांगतो. रात्रपाळी असते. अपघाताचा रुग्ण येतो तेव्हा ट्रॉलीवर रक्त असतं, नातेवाईक ओरडत असतात. तुम्हाला मात्र मोडलेला पाय न हलवता प्लेट खाली सरकवायची असते. किरणांचं काम म्हणून छातीवर किरणं मोजणारा टीएलडी बॅज लावावा लागतो, अंगावर शिशाचा ॲप्रन घालावा लागतो. तो ॲप्रन जड असतो. माझी कंबर त्याची साक्ष देते.

दुसरी वाट, डॉक्टर होण्याची. पोराला प्रोबच धरायचा असेल तर नीट, एमबीबीएस आणि पुढे रेडिओलॉजी. नुसतं एमडी तीन वर्षांचं. वाट लांब आहे, पण सरळ आहे. नीटला एकदा नंबर लागला नाही म्हणून सोनोग्राफीच्या डिप्लोमाचा आडरस्ता धरू नका. तो रस्ता तिथे पोहोचत नाही.

तिसरी वाट, सोनोग्राफीच्या खोलीत मदतनीस म्हणून काम. रुग्णाला आत घेणं, फॉर्म भरणं, प्रोब पुसणं, अहवाल टाईप करणं. प्रामाणिक काम आहे. पण त्यासाठी पन्नास हजारांचा कोर्स लागत नाही. टायपिंग, मराठी-इंग्रजी वाचन आणि माणुसकी पुरते.

चौथी वाट परदेशातली. तिचं गणितच वेगळं आहे.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया इथे सोनोग्राफर हा स्वतंत्र पेशा आहे. तिथे प्रोब तंत्रज्ञाच्या हातात असतो. अहवाल डॉक्टर देतो. आपल्याकडच्या कागदांवर परदेशातल्या याच पगारांचे आकडे छापलेले असतात. पगार खरा असेल. तिथे पोहोचवणारी वाट मात्र त्या कागदावर नसते.

अमेरिकेत साधारण दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असतो. त्याआधी शरीररचना, गणित, भौतिकशास्त्र हे विषय करून यावे लागतात. रुग्णालयात महिनोन्‌महिने काम शिकावं लागतं. त्याचा पगार सहसा मिळत नाही. मग एआरडीएमएस या संस्थेच्या परीक्षा. एक एसपीआय, म्हणजे आवाज आणि मशीन कसं चालतं याची. दुसरी पोट, प्रसूती, हृदय, रक्तवाहिन्या यांपैकी तुम्ही निवडलेल्या विषयाची. दोन्ही पास झालात की नोकरीचं दार उघडतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या आपल्या मुली हा अभ्यासक्रम निवडतात. तुमची मुलगी किंवा सून त्यांत असेल तर तिला दोन गोष्टी सांगा. अभ्यासक्रमाला सीएएएचईपी या संस्थेची मान्यता आहे का, ते आधी बघ. नसेल तर परीक्षेला बसणंच अवघड होतं. आणि तुझ्या व्हिसावर शिकता येतं, तसं कामही करता येतं का, ते फी भरण्याआधी नक्की कर.

कॅनडात सोनोग्राफी कॅनडा या संस्थेची परीक्षा असते. इंग्लंडमध्ये बहुतेक जण आधी रेडिओग्राफर होतात आणि मग सोनोग्राफीचं पदव्युत्तर शिक्षण घेतात. ऑस्ट्रेलियात एएसएआर या संस्थेच्या यादीत नाव असावं लागतं. आखाती देशांत तिथल्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि तुमची प्रमाणपत्रं मूळ कॉलेजकडून तपासून घेतात. स्टँडवरच्या कागदाचं प्रमाणपत्र यातल्या कुठल्याच दारातून आत जात नाही.

म्हणून ज्याला परदेशी जायचंच आहे, त्यानंही इथे रेडिओग्राफीची खरी पदवी आधी करावी. ती इथेही पोट भरते आणि तिकडेही उपयोगी पडते.

आणखी एक. हे काम खांद्याला महाग पडतं. हात लांब करून, मनगट दाबून, मान स्क्रीनकडे वळवून दिवसभर काम करायचं. तिकडच्या बहुतेक सोनोग्राफरना खांदा, मान, मनगटाचं दुखणं जडतं. खुर्ची नीट लावून, रुग्णाला जवळ सरकवून घेऊन काम करायला पहिल्या दिवसापासून शिकावं लागतं.

पैसे भरण्याआधी एवढं करा

एक दिवस मोकळा काढा. पोराला बरोबर घ्या. कागद-पेन घ्या.

तालुक्यातल्या एखाद्या सोनोग्राफी केंद्रात जा. भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचा. तपासणी कोणते डॉक्टर करतात, ते विचारा. तिथे बसलेल्या मदतनिसाला विचारा, "तुम्ही कुठे शिकलात, काय काम करता, पगार किती?" दहा मिनिटांत जे कळेल ते कुठल्या सरांच्या भाषणात कळणार नाही.

मग संस्थेत जा आणि हे प्रश्न विचारा.

पदवी किंवा डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा? नाव लिहून घ्या. घरी येऊन त्या विद्यापीठाच्या यादीत संस्थेचं नाव आहे का, ते पोराला मोबाईलवर बघायला लावा.

हा कोर्स झाल्यावर पॅरामेडिकल कौन्सिलकडे नोंदणी होते का? 'होईल' हे उत्तर नव्हे. मागच्या वर्षीच्या एका विद्यार्थ्याचा नोंदणीचा कागद दाखवायला सांगा.

प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवता? किती दिवस? त्या रुग्णालयात स्वतः जाऊन विचारा.

आधीची पोरं आज कुठे आहेत? तिघांचे नंबर मागा. तीन फोन करा.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. "पीसीपीएनडीटी कायद्याप्रमाणे माझ्या पोराला सोनोग्राफी करता येईल का? येत असेल तर लिहून द्या." इथे बोलणारा माणूस एकदम घाईत येतो. त्याला दुसरं काम आठवतं. तुम्हाला उत्तर मिळालं, असं समजा आणि उठा.

आणखी दोन गोष्टी. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रिका कुणाकडे ठेवायला देऊ नका. झेरॉक्स द्या. आणि पावतीशिवाय एक रुपया देऊ नका. पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव लिहून घ्या. सुरुवातीला सांगितलेल्या गृहस्थांकडे पावती होती, पण त्यावर नुसतं 'ॲडमिशन' लिहिलं होतं. पंधरा हजारांपैकी एक पैसा परत आला नाही.

त्या खोलीत काम मिळालं तर

काही पोरं मदतनीस म्हणून लागतील. त्यांच्यासाठी चार शब्द.

सकाळी बाकावर सात-आठ जणी बसलेल्या असतात. हातात पाण्याच्या बाटल्या. कुणी अवघडून मांड्या आवळून बसलेली. "ताई, माझा नंबर कधी?" असं दर पाच मिनिटांनी विचारते. तिच्यावर खेकसू नका. तिला पाणी आपणच प्यायला लावलंय. जिला सगळ्यात जास्त त्रास होतोय तिला डॉक्टरांना विचारून आधी घ्या.

साडीवर जेल लागू नये म्हणून कागद खोचून द्या. तपासणी झाली की पुसायला तिच्याच हातात कागद द्या. दार लावलं आहे का, बघा. बाईच्या तपासणीला खोलीत दुसरी बाई असावी. एवढ्या साध्या गोष्टींनी माणसाची अब्रू राहते.

गरोदर बाईची तपासणी असेल तर एफ फॉर्म भरावाच लागतो. नाव, पत्ता, आधीची मुलं, तपासणीचं कारण. मला मुलगा-मुलगी जाणून घ्यायचं नाही, असं त्यात बाई लिहून देते. तिला ते वाचून दाखवा. नुसतं "इथे अंगठा लाव" म्हणू नका. फॉर्ममधली चूक ही किरकोळ चूक नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं आहे. रकाना रिकामा ठेवू नका. हे कागद दोन वर्षं जपून ठेवावे लागतात.

आणि मग दाराबाहेर सासू भेटते. हातात शंभराची नोट. "सांग ना गं पोरी, पेढा की बर्फी?"

काही सांगायचं नाही. शब्दानं नाही, खुणेनं नाही, हसूनही नाही. कायद्यात खुणेचाही उल्लेख आहे. "आजी, बाळ बरं आहे का ते डॉक्टर सांगतील" एवढंच म्हणा आणि नोट परत करा. तिथे कुणी पैसे घेऊन सांगतंय असं दिसलं, तर जिल्हा शल्यचिकित्सकांना कळवा. महापालिका असेल तर तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांना. नोकरी दुसरी मिळेल.

अहवालाबद्दलही तोंड आवरा. स्क्रीनवर काहीतरी काळं दिसलं म्हणून "गाठ आहे वाटतं" असं बोलू नका. तुम्ही सहज बोलता, पण त्या बाईला त्या रात्री झोप लागत नाही.

शेवटी एवढंच

मुलीला घेऊन आलेले ते गृहस्थ जाताना म्हणाले, "पंधरा हजार तर गेले." मी म्हटलं, "पंधरावरच थांबलात. तिथे पुढे साठ हजारांची फी होती." त्याच आठवड्यात त्यांनी मुलीचा अर्ज रेडिओग्राफीच्या पदवीला भरला. जिल्ह्याच्या ठिकाणी तिचं पहिलं वर्ष झालं. परवा तिचा फोन आला होता. "काका, शिशाचा ॲप्रन खरंच जड असतो हो."

तुमच्या घरात बारावीचं पोर असेल तर हा लेख त्याच्या हातात द्या. त्याला वाचू द्या, मग दोघं मिळून ठरवा. शेजारच्या घरातही असं पोर असेल तर त्यांनाही द्या. आणि कुणी सहा महिन्यांत सोनोग्राफी शिकवतो म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, "कोर्स झाल्यावर प्रोब कुणाच्या हातात असणार?"

उत्तर 'डॉक्टरच्या' असंच आहे. ते ऐकल्याशिवाय फी भरू नका.